बोक्याचं दुखणं आणि एरंडेलाची बाटली

मैत्रिणींनो, आज मांजराविषयी लिहिणार आहे म्हटल्यावर तुमच्यातल्या काहीजणी पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. ‘आमच्याकडे माणसांचं करता करता नाकी नऊ येतात, आणि या बाई मांजराचं कौतुक सांगायला बसल्या!’ असंही कुणी म्हणेल. पण जरा थांबा. तुमच्या घरी मांजर नसलं तरी शेजारी असतं, माहेरी असतं, नाहीतर मुलं कधीतरी शर्टात लपवून एखादं पिल्लू घेऊन येतातच. आणि एकदा ते घरात आलं की त्याचं खाणंपिणं, शीशू, दुखणंखुपणं अखेर कुणाच्या गळ्यात पडतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

निमित्त झालं ते इस्लामपूरहून आलेल्या एका पत्राचं. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं होतं:

‘ताई, आमचा बोका चार वर्षांचा आहे. अंगानं चांगला धष्टपुष्ट. मागच्या आठवड्यात तो सारखा वाळूच्या पाटीत जाऊन बसायचा, कुंथायचा आणि तसाच उठायचा. दोन दिवसांनी आपोआप बरा झाला. आता पुन्हा अधूनमधून तसंच करतो. बद्धकोष्ठ असावं असं घरचे म्हणतात. लहान मुलांना देतात तसं एरंडेल द्यावं का? किती द्यावं?’

पत्र वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पत्राखाली फोन नंबर होता म्हणून बरं. उत्तर छापून येण्याची वाट न बघता मी तिथल्या तिथे फोन लावला. कारण एरंडेलाची ती बाटली मला चांगली ओळखीची आहे.

ही गोष्ट १९९४ सालची. तेव्हा आम्ही साताऱ्याला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. आमच्याकडे मन्या नावाचा पिवळ्या पट्ट्यांचा बोका होता. सासूबाईंना मांजर अजिबात खपत नसे. त्यांचं सोवळं, त्यांची देवपूजा, आणि हा महाराज नेमका पूजेच्या पाटावर जाऊन बसायचा. पण रात्री त्या पोथी वाचायला बसल्या की तो त्यांच्याच पदराशी मुटकुळं करून झोपायचा. त्या त्याला ‘हुडूत’ करत, पण हळू आवाजात.

त्या वर्षी दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. वन्सं मुलांना घेऊन आल्या होत्या, भाऊजी आले होते. दिवसभर फराळाची घाई आणि बाहेर फटाके. मन्या माळ्यावर जाऊन बसला तो खाली यायला तयार नाही. पाडव्याच्या दिवशी तो उतरला आणि अंगणातल्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसला. पाठ वाकवून, शेपटी ताठ करून बराच वेळ बसला आणि उठला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मध्येच बारीक आवाजात ओरडायचा. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, पोट साफ होत नसेल. पाहुण्यांनी काहीबाही घातलं असेल खायला. चमचाभर एरंडेल पाज.’

मी पाजलं. भाऊजींनी त्याला टॉवेलात गुंडाळून धरलं आणि मी चमच्यानं पाजलं. भाऊबीज होती, ओवाळायचं होतं, त्या गडबडीत पुन्हा बघायला झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो ओकला. जेवला नाही. मला वाटलं, एरंडेलानंच ओकला असेल, आता पोट हलकं होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कपाटाखाली निपचित पडलेला सापडला. हात लावला तर कान गार लागले. तेव्हा कुठे आम्ही त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोटाला हलकेच हात लावला आणि मला विचारलं, ‘लघवी कधी केली यानं?’ मला सांगता येईना. ते म्हणाले, ‘बाई, याला बद्धकोष्ठ नाही. याची लघवी कोंडली आहे. लघवीची पिशवी मोसंब्याएवढी फुगून दगडासारखी घट्ट झाली आहे.’ त्यांनी प्रयत्न केले, पण उशीर झाला होता. मन्या दुपारी गेला.

घरी आल्यावर मी सासूबाईंना काही बोलले नाही. त्यांनी सुचवलं खरं, पण पाजलं होतं मीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ती एरंडेलाची बाटली फडताळातून काढली आणि मागच्या परसात नेऊन रिकामी केली. ‘मुक्या जनावराला सांगता येत नाही, आणि आपल्याला कळत नाही,’ एवढंच म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस रात्री पोथी वाचताना त्यांचा हात पदराकडे जायचा.

म्हणून मैत्रिणींनो, आज जरा पाल्हाळ लावून सांगते. ऐका.

हे होतं कशामुळे?

मादीची लघवीची वाट आखूड आणि रुंद असते. बोक्याची मात्र लांब आणि टोकाला अगदी निमुळती असते. लघवीच्या पिशवीला आतून सूज आली, त्यात चिकट स्राव आणि वाळूसारखे बारीक खडे साठले, की त्यांचं बूच तयार होतं आणि ते त्या निमुळत्या टोकाशी अडकतं. कधी चांगला मुतखडाच असतो. मोरीच्या जाळीत केस आणि साबणाचा चोथा अडकल्यावर पाणी कसं तुंबतं, तसंच हे.

लघवी तुंबली की मूत्रपिंडांचं काम थांबतं. जे विष बाहेर जायचं ते रक्तातच राहतं. पोटॅशियम नावाचा क्षार रक्तात वाढतो आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. पूर्ण कोंडलं तर एका दिवसातच जनावराची तब्येत ढासळू लागते, आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणजे ‘उद्या बघू, रविवार आहे, सोमवारी नेऊ’ म्हणायला इथे जागाच नाही.

मादीला लघवीचा त्रास होत नाही असं नाही. तिलाही जळजळ होते, रक्त जातं. पण तिची वाट सहसा बंद पडत नाही. बोका असेल तर मात्र तातडीचं दुखणं समजा.

बद्धकोष्ठ की लघवी कोंडली, ओळखायचं कसं?

खरी गोम इथेच आहे. दोन्ही दुखण्यांत मांजर सारखंच बसतं आणि सारखंच कुंथतं. म्हणून अंदाज बांधू नका, वाळूची पाटी बघा. कालपासून वाळूत ओली ढेकळं आहेत का? रोज दोन-तीन असायची ती आज एकही नाही, की अगदी बोराएवढी बारीक बारीक पाच-सहा आहेत? बाहेर जाणारा बोका असेल तर त्याला एका खोलीत किंवा न्हाणीघरात पाटीसकट ठेवा आणि तासभर लक्ष द्या.

खालच्या खुणा पाठ करून ठेवा:

– पुन्हापुन्हा पाटीत जाणं, बराच वेळ बसणं आणि थेंब-दोन थेंबच होणं किंवा काहीच न होणं.
– बसल्यावर ओरडणं.
– शेपटीखालचा भाग सारखा चाटत राहणं.
– लघवीत रक्त. वाळूवर किंवा फरशीवर गुलाबी डाग.
– पाटी सोडून मोरीत, सिंकमध्ये, गार फरशीवर बसणं. (याला ‘घाण सवय लागली’ म्हणून मारू नका. त्याला दुखत असतं.)
– जेवण सोडणं, लपून बसणं, ओकारी, पोटाला हात लावू न देणं.

यातली पहिली खूण बोक्यात दिसली की बाकीच्यांची वाट बघत बसू नका. थेट डॉक्टरांकडे न्या. समजा निघालं बद्धकोष्ठच, तर डॉक्टर तसं सांगतील. फार तर एक खेप फुकट जाईल.

आणि तोवर घरी काय करायचं नाही, तेही लिहून ठेवा. एरंडेल नाही. पोट दाबून बघणं नाही, कारण ताणलेली पिशवी फुटू शकते. बळजबरीनं पाणी पाजणं नाही. आणि माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच नाही. आपण ताप-डोकेदुखीवर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जहर आहे. आपल्या शरीरात ती मोडून काढण्याची जी सोय आहे, ती मांजराच्या शरीरात फार तोकडी असते. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घ्यायला पुरते. मुलं औषध समजून देतील, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे एकदा बजावून ठेवा.

डॉक्टर काय करतात?

बोक्याला गुंगी देऊन बारीक नळी घालतात आणि अडकलेलं मोकळं करतात. सलाईन लावतात. रक्त तपासतात. नळी बहुधा एक-दोन दिवस आत ठेवतात, त्यामुळे त्याला तिथे ठेवावं लागतं. घरी आणल्यावरही पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, कारण हे दुखणं उलटतं. वारंवारच झालं तर वाट रुंद करण्याची शस्त्रक्रियाही करतात.

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशींचं काम जास्त असतं, मांजरासाठी लागणारी नळी असेलच असं नाही. म्हणून मांजर चांगलं हिंडतंफिरतं असतानाच चौकशी करून ठेवा: आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात कुत्र्या-मांजरांचं कोण बघतं, रात्री फोन घेतात का, जायला वाहन काय. मुंबईच्या परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं जुनं इस्पितळ आहे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या जवळपास राहणाऱ्यांनी तिथे विचारावं. नंबर गॅस आणि दूधवाल्याच्या नंबरांशेजारी भिंतीवर लावून ठेवा. ऐन वेळी शोधाशोध करताना जो तास जातो, तोच महागात पडतो.

पाणी पोटात जाऊ द्या

मांजर हे मुळात वाळवंटी प्रदेशातलं जनावर. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आपलं घरचं मांजर आलं. शिकारीच्या मांसातूनच त्याला बरंचसं पाणी मिळायचं, त्यामुळे तहान लागली की वाडगाभर पाणी प्यावं ही सवयच त्याला नाही. आता आपण त्याला दुकानातले नुसते कोरडे दाणे घालतो. त्या दाण्यांत पाणी जेमतेम दहावा हिस्सा. मग लघवी दाट होते आणि त्रास सुरू होतो.

उपाय सोपे आहेत. दाणे देत असाल तर रोज एक वेळ तरी ओलं जेवण द्या. दाण्यांवर कोमट पाणी किंवा चिकन उकडल्याचं अळणी पाणी ओता. या पाण्यात मीठ नको, आणि कांदा-लसूण तर चुकूनही नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, मग तो कच्चा असो की शिजलेला. म्हणजेच आपल्या ताटातला रस्सा त्याला घालू नका.

पाण्याचं भांडं पसरट ठेवा. अरुंद वाटीत मिशा टेकतात ते अनेक मांजरांना आवडत नाही. एकाऐवजी तीन ठिकाणी ठेवा, आणि जेवणाच्या अगदी शेजारी नको. रोज घासून ताजं पाणी भरा. काही मांजरांना नळाची बारीक धार आवडते. दिवसातून दोनदा सोडलीत तर पाणीपट्टी काही वाढत नाही.

आता दुधाचं. मांजर म्हटलं की वाटीभर दूध, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण मोठं झाल्यावर पुष्कळशा मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. ज्याला सोसतं त्याला चमचाभर द्या लाडानं. पण दूध हे त्याचं जेवणही नव्हे आणि पाणीही नव्हे.

शाकाहारी घरातलं मांजर

हा प्रश्न मला नेहमी येतो. ‘आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. मांजराला दूधपोळी, दहीभात घालते. चालेल ना?’

मी स्वतः अशाच घरातली. त्यामुळे उपदेशाचा आव न आणता सांगते, चालत नाही. मांजर पूर्ण मांसाहारी आहे, कुत्र्यापेक्षाही जास्त. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होऊ शकतं. आणि १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की त्याच्याच अभावी मांजराचं हृदय फुगून कमकुवत होतं. तेव्हापासून मांजराच्या तयार खाण्यात टॉरिन आठवणीनं घालतात.

मग करायचं काय? तयार कॅट फूड आणा. दाणेही आणि ओल्या खाण्याची पाकिटंही. स्वयंपाकघरात मांस शिजवायला नको, भांडी वेगळी, जागा वेगळी. माझ्या सासूबाईंनीसुद्धा पुढच्या मांजराच्या वेळी मागच्या पडवीत एक कोनाडा नेमून दिला होता. ‘त्याचा धर्म त्याच्यापाशी, आपला आपल्यापाशी,’ म्हणाल्या. मासे-मटण खाणाऱ्या घरांनी उकडलेलं चिकन, शिजवलेले मासे द्यावेत. पण काटे आणि शिजलेली हाडं काढून. शिजलेलं कोंबडीचं हाड फुटून अणकुचीदार होतं. आणि नुसत्या मासळीच्या डोक्यांवर मांजर वाढवायचं, हेही पुरेसं नाही.

पाटी आणि मनःशांती

वाळूची पाटी रोज साफ करा. घाण पाटीत जायला मांजर कंटाळतं, लघवी धरून ठेवतं, आणि दुखण्याला आमंत्रण मिळतं. नियम असा की जितकी मांजरं, त्याहून एक पाटी जास्त. पाटी जेवणाच्या जागेपासून दूर ठेवा. वर्दळीत किंवा कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नको. धुताना साबण आणि पाणी पुरे. फिनेल नको. फिनेलवर चाललेल्या पायांनी मांजर बसतं, पाय चाटतं, आणि ते विष पोटात जातं. फरशी फिनेलनं पुसत असाल तर ती पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यापेक्षा साधा साबण बरा. डांबरगोळ्याही मांजराच्या वाटेतून उचला.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तरण्याताठ्या मांजरांच्या लघवीच्या त्रासात पुष्कळदा जंतूही सापडत नाहीत, खडाही नाही. नुसत्या ताणानं पिशवीला सूज येते. घरात पाहुणे, फटाके, रंगकाम, बिऱ्हाड बदलणं, नवीन बाळ, दारावर येणारा परका बोका, यातलं काहीही निमित्त पुरतं. मन्याची ती दिवाळी आठवते आणि आता सगळा उलगडा होतो.

म्हणून सणासुदीला, लग्नकार्याला आधी मांजराची सोय बघा. एक शांत खोली, खिडकी बंद, तिथेच पाणी, पाटी, जेवण, आणि लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं. वर चढून बसायला उंच जागा. मुलांना बजावून सांगा, खोक्यातून ओढून काढायचं नाही. दिवसातून दोनदा कुणीतरी जाऊन पाटी बघायची.

एरवीची काळजी

लसी चुकवू नका. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पुढे डॉक्टर सांगतील तशा. जंतांचं औषधही वेळच्या वेळी. पाच-सहा महिन्यांचं झालं की शस्त्रक्रिया करून घ्या. मादी दोन महिन्यांत व्यायते. पिल्लं कुणाला द्यायची म्हणून मग बाजारात पोत्यातून सोडायची वेळ येते. त्यापेक्षा हे बरं. बोक्याचं भटकणं, मारामाऱ्या आणि भिंतींवर उडवणंही त्यानं पुष्कळ कमी होतं.

पिसवा झाल्या तर रॉकेल, कापूर असले प्रयोग करू नका, आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला झटके आणून मारतं.

महिन्यातून एकदा वजन बघा. मांजर काट्यावर नीट बसत नाही, म्हणून त्याला कडेवर घेऊन आपण उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं. (आपलं वजन वाचायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!) दोन दिवस काही खाल्लं नाही, तर ‘रुसलंय’ म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते जिवावर बेततं.

थोडक्यात उत्तरं

मिरजेच्या भगिनींना: सूनबाईंना दिवस गेलेत म्हणून घरातलं मांजर सोडून देण्याची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती खरी आहे, पण ती आटोक्यात ठेवता येते. मांजराच्या शीतून पडणारी त्याची अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून पाटी रोजच्या रोज साफ करायची, आणि ते काम सूनबाईंनी न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही. सूनबाईंनी भाज्या नीट धुऊन, मांस पुरतं शिजवून खावं आणि बागेतल्या मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, कारण हा संसर्ग त्या वाटांनीही येतो. शंका असेल तर डॉक्टरबाईंना विचारा, रक्त तपासून सांगतात.

बार्शीच्या भगिनींना: मांजराचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर हळद भरत बसू नका. पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. मांजर घरचं असलं तरी.

आता इस्लामपूरच्या बोक्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, ‘ताई, आज सकाळपासून पुन्हा चालू आहे. सात-आठ वेळा बसला, पण काही झालं नाही.’ मी विचारलं, ‘वाळू ओली आहे का?’ त्या बघून आल्या. कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, ‘आत्ता उठा आणि सांगलीला न्या.’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘यांना विचारते. मांजरासाठी सांगलीला जायचं म्हटलं तर...’ आणि पुढचं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ते पूर्ण करायची गरजही नव्हती.

रात्री नऊला त्यांचा फोन आला. विचारायला थांबल्या नव्हत्या. भिशीचे पैसे डब्यात होते ते घेतले, झाकणाच्या टोपलीत बोक्याला घातलं आणि शेजारच्या मुलाच्या रिक्षानं गेल्या. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं. तीन दिवस ठेवावं लागलं. चौथ्या दिवशी त्याला आणायला ‘हे’ स्वतः गेले होते. आता पाण्याची तीन भांडी आहेत, आणि सकाळी उठल्यावर पाटी बघायचं काम त्यांच्याकडेच आहे.

तुमच्या घरी बोका असेल, तर आज झोपण्यापूर्वी एवढं एकच करा. पाटीजवळ जा आणि वाळू ओली आहे ना, ते बघा.